पानावरची काजळी

जास्वंदीचे पान काळवंडले, की दोष पानाच्याच माथी मारला जातो. वास्तविक ते ओल्या बोटाने पुसले, तर काजळी बोटाला लागते आणि खालून हिरवे पान दिसू लागते. ही काजळी म्हणजे पानावर सांडलेल्या चिकट, गोड द्रवावर पोसलेली बुरशी होय. तो द्रव कोठून आला, हे जाणण्यासाठी नजर वरच्या कोवळ्या शेंड्याकडे न्यावी लागते. तेथे कळ्यांच्या देठांशी पिठ्या ढेकणांची कापसासारखी वस्ती असते, आणि त्या गोडव्याच्या लोभाने मुंग्या तिची राखण करीत असतात.

बागेतील आजार ओळखणे हे असे मुळाकडे जाणे आहे. पान पिवळे पडणे ही एकच खूण, पण तिचे अर्थ अनेक. तळची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर नत्राची उणीव संभवते. शेंड्याची पाने पिवळी होऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोहाची. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले, तर फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी. धुळीसारखे कण चालू लागले, तर ते कोळी समजावेत. गुलाबाच्या पानावर काळे डाग पाडणाऱ्या बुरशीला रुजण्यासाठी पानावर काही तास टिकणारे पाणी हवे असते. भुरीला तशा ओल्या पानाची गरज नसते. त्यामुळे संध्याकाळी हौसेने पाने भिजवणारा माणूस नकळत पहिलीचे आदरातिथ्य करीत असतो.

परंतु खरी कसोटी शत्रू ओळखण्यात नाही. पिठ्या ढेकणांच्या वस्तीत कधी कधी त्यांच्याहून मोठा, पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी मढलेला एक चपळ जीव फिरताना दिसतो. उतावळ्या दृष्टीला तो त्याच कुळातला म्होरक्या वाटतो. वस्तुतः ती क्रिप्टोलीमस नावाच्या लहानशा भुंगेऱ्याची अळी असते, आणि पिठ्या ढेकूण हेच तिचे अन्न. कॉफीवरील हिरव्या खवले किडीच्या बंदोबस्तासाठी १८९८ साली हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. पुढे तो येथे स्थिरावला तो पिठ्या ढेकणांचा भक्षक म्हणून.

अशा फांदीवर विषारी फवारा उडाला, की मेणाच्या आवरणाखालची ढेकणांची अंडी पुष्कळदा वाचतात आणि उघड्यावर वावरणारी अळी मरते. काही दिवसांत वस्ती पुन्हा भरते. या खेपेस तिला खाणारे कोणी उरलेले नसते. शिवाय त्याच झाडाची फुले दुसऱ्या दिवशी पहाटे देवासाठी खुडली जातात. म्हणून जाणता माळी आधी मुंग्यांची वाट तोडतो, फार माखलेला शेंडा छाटून नष्ट करतो, उरलेल्या फांद्यांवर पाण्याची जोरदार धार सोडतो. आणि या सगळ्याच्या आधी तो पान उलटून बराच वेळ नुसता पाहत राहतो.