घर बंद

सर्वेक्षणाच्या कामात 'घर बंद' हा शेरा फार वाढलाय. धुळ्यात देवपूरच्या सोसायट्यांत वॉचमनच परत पाठवतो. जळगावात फोन लावला तर लोकांना मी लोनवाली वाटते. साक्रीकडच्या पाड्यांवर कुणी हाकलत नाही, पण दिवाळीनंतर दारांना कुलपं. माणसं कोयता घेऊन गुजरातेत.

अशा वेळी सुपरवायझर म्हणतो, शेजारचं घर घ्या. आकडा भरतो, पण नमुन्यात घरी सापडणारेच उरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात म्हणून बदली घर चालत नाही. पुन्हा पुन्हा जावं लागतं. तरी २०१९-२१ च्या फेरीत स्त्रिया ९७ टक्के बोलल्या, पुरुष ९२.

पुढचा उपाय भारांकाचा. दहापैकी पाचच घरं बोलली, तर त्यांचं उत्तर दुप्पट मोजायचं. गणित चोख आहे. गृहीतक एवढंच, की न बोललेले बोललेल्यांसारखेच असतात.

पाड्यावर मागे राहिलेल्या आजीने चहा पाजला, सगळं सांगितलं. तिचं उत्तर आता उसाच्या फडावर गेलेल्यांच्याही वाट्याचं मोजलं जाईल. तिथं सुनेला पाणी कुठून मिळतं, हे मात्र आजीला ठाऊक नव्हतं.