उथळ पाण्याचा दगड

अंगणातला गळका नळ दुरुस्त झाला आणि त्याच्याखालचं डबकं आटलं. धुण्याच्या दगडाशेजारी वर्षानुवर्षं पाणी ठिबकून तिथे एक खळगा पडला होता. साळुंक्या, बुलबुल, चिमण्या त्यातच अंघोळ करायच्या. पाणी वाया जात होतं, त्यामुळे नळ दुरुस्त करणं भागच होतं. पण आमच्या जळगावात मार्च सरता सरता ऊन भाजू लागतं आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पक्ष्यांना घाम येत नाही, त्यांच्या कातडीत घर्मग्रंथीच नसतात. चोच उघडी टाकून, धापा टाकत ते अंगातली उष्णता बाहेर घालवतात आणि त्यात त्यांच्या शरीरातलं पाणी भराभर संपतं. आपण त्यांची सोय बंद केली, तर नवी करून द्यायला हवी, असं यांचं आणि माझं ठरलं.

बाजारात जाण्याआधी मी पट्टी घेऊन तो आटलेला खळगा मोजला. कडेला पाणी जेमतेम नखभर राहत असणार, मध्यभागी दोन इंच. तळ खरखरीत. उतार इतका सावकाश की चिमणी कडेवरून चालत आत शिरायची, पोटाला पाणी लागलं की थांबायची आणि मग पंख फडफडवायची. ही जागा पक्ष्यांनी स्वतः निवडलेली होती. त्यामुळे जे काही घ्यायचं, ते याच मापाला लावून बघायचं हे मी पक्कं केलं.

रोपवाटिकेत सिमेंटची नक्षीदार पात्रं होती, खांबावर बसवलेली, काठाशी हंस. दिसायला देखणी, पण आत चार-पाच इंच खोल आणि बाजू सरळ उभ्या. शेजारी चिनी मातीचं एक निळंशार पात्र होतं. यांना ते फार आवडलं. मी ओला हात आतून फिरवला तर तो सरसर घसरला. त्यावर चिमणीची नखं कशी टिकणार? दुकानदार म्हणाले, "ताई, आत गोटे टाका. खोली आपोआप कमी होईल." त्यांचं खरं आहे, गोट्यांनी खोली कमी होते. पण गोट्यांच्या फटींत शेवाळ आणि शीट साचते, म्हणजे रोज एकेक गोटा घासणं आलं. नव्या सिमेंटचा चुनाही पाण्यात उतरतो, म्हणून ते आधी कित्येक दिवस भिजत घालून पाणी बदलत राहावं लागतं. तिथून आम्ही काही न घेता परतलो.

माळ्यावर सासूबाईंचं पितळी घंगाळ होतं. ते उन्हात तापलं असतं आणि एखादं खारीचं पिल्लू आत पडलं, तर त्याला वर चढता आलं नसतं. त्यात मी आता दारात फुलं सोडून ठेवते.

२० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने तो २०१० पासून पाळला जातो. त्या सुमारास ठिकठिकाणी दोरीने टांगायची छोटी भांडी वाटतात. ती हवीच, तहान भागवायला ती पुरतात. पण हलत्या, अरुंद भांड्यात कुणाला अंघोळ करता येत नाही, आणि पक्ष्याला अंघोळही तितकीच गरजेची असते. पिसांत धूळ बसली की ती नीट जुळत नाहीत. अंघोळ झाली की पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावतो, एकेक पीस ओढून बसवतो. ते बघत बसले की माझी कामं राहतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात, म्हणून आधीचे काही दिवस कुंभारवाड्यात गर्दी असते. घागर घ्यायला गेले तेव्हा तिथे पसरट परळ दिसले. "भाजणी पक्की आहे ताई, वाजवून बघा," कुंभार आप्पा म्हणाले. परळ खणखणीत वाजला. झिलई नसलेली भाजकी माती खरखरीत असते आणि तिच्या छिद्रांतून पाणी झिरपून वाळतं, त्यामुळे आतलं पाणी गार राहतं. एक परळ पिण्यासाठी घेतला. अंघोळीला मात्र तो टिकला नसता. सातभाईंचा थवा एकदम काठावर उतरला, तर हलका परळ कलंडतोच.

शेवटी उत्तर सापडलं रस्त्याकडेला पाटे-वरवंटे आणि खलबत्ते घडवणाऱ्या पाथरवटाकडे. दीड-दोन फूट रुंदीचा काळा दगड आणि मध्ये खळग्याच्या मापाचा उतार, एवढंच मी मागितलं. तो पट्टीकडे आणि माझ्याकडे बघत राहिला. "ताई, एवढं उथळ? यात पाणी ठरणार तरी किती?" कशासाठी हवं ते सांगितल्यावर तो हसला आणि आतून गुळगुळीत करू का असं विचारलं. मी म्हटलं, "नको दादा, टाकीचे घाव तसेच राहू द्या." त्याने ते राखले, काठ मात्र हाताला लागू नये म्हणून गोल केला. इतकं समजून केलेलं काम दुकानात विकत मिळालं नसतं.

जागा ठरवायला दगड निवडण्याइतकाच विचार लागला. निंबाच्या अगदी बुंध्याशी ठेवला तर वरून शीट पडते, उघड्यावर ठेवला तर काळा दगड तापतो. दुपारची सावली पोचते तिथे विटांचा कमरेएवढा चौथरा रचला. कर्दळीच्या आडोशाला बोका दबा धरून बसतो, म्हणून चौथऱ्याभोवतीची जमीन मोकळी ठेवली. पण पेरूची एक फांदी जवळ हवीच होती. भिजलेल्या पक्ष्याला लांब उडता येत नाही, त्याला लगेच बसायला जागा लागते.

शेजारच्या काकूंना डासांची काळजी वाटली आणि ती रास्तच होती. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस पाळतोच, शिवाय रोज सकाळी पाणी फेकून नारळाच्या शेंडीने दगड आणि परळ दोन्ही घासते. साबण लावत नाही, त्याने पिसांचं तेल जातं. काकू आता आम्ही गावाला गेलो की स्वतःच घासतात.

पहिल्या आल्या साळुंक्या. बुलबुल जोडीने येतात. सातभाई एकामागून एक उड्या टाकतात आणि पाण्यापेक्षा आवाजच जास्त करतात. होला परळात चोच बुडवतो आणि मान वर न करता ओढत पाणी पितो. चिमणीला मात्र प्रत्येक घोटाला मान वर करावी लागते. कावळा भाकरीचा तुकडा आणून भिजवतो, त्या दिवशी पाणी दोनदा बदलते. शिंजीर दगडाकडे फिरकत नाही. त्याला ओल्या पानांवर अंग घासायला आवडतं, म्हणून झाडांना पाणी घालताना जास्वंदीवर हाताने शिंपडते.

पुण्याहून नणंदेने फोन केला. "वहिनी, मलाही बाल्कनीत तसाच दगड हवा." तिला दगड नको म्हटलं, कठड्यावरून खाली गेला तर कुणाच्या जिवावर बेतेल. कुंभाराकडून चांगला रुंद परळ घे, बोटाचं पहिलं पेर बुडेल एवढंच पाणी घाल आणि तो कठड्याच्या आत, स्टुलावर ठेव, असं सांगितलं. कबुतरं त्रास देतात का ते महिनाभराने कळवते म्हणाली.