दोन मतदारयाद्यांचं घर

ठाण्याच्या कोपरीत कुणाला ‘गाव कुठलं?’ असं विचारलं तर ‘हेच’ म्हणणारे थोडेच भेटतात. मीठबंदर रोडच्या बाजूची जुनी कोळी-आगरी घरं तसं म्हणतात आणि त्यांना तो अधिकार आहे. 1853 साली ठाण्यात रेल्वे आली, त्याच्याही आधीपासून खाडी त्यांची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी घरांतल्या म्हाताऱ्यांना हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. बाकीचे आम्ही सगळे कुडाळ, कणकवली, देवगड, नाहीतर पाटण, जावळी असं काहीतरी सांगतो. उभा जन्म स्टेशनच्या पूर्वेला काढला, पोरांची लग्नं इथल्याच हॉलात लागली, तरी गाव ते तेच.

आमच्या घराची नावं तर बरीच वर्षं दोन याद्यांत विभागलेली होती. बाबांचं ठाण्यात, आईचं आणि आजीचं कुडाळ तालुक्यात. तळकोकणातल्या हजारो घरांची हीच रीत. पुरुष मुंबई-ठाण्याला, बायका शेतावर आणि मधे पोस्टमन. त्यामुळं एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांची राजकारणं वेगळी वाढली, याकडे अभ्यासकांचं पुरेसं लक्ष गेलेलं नाही असं मला वाटतं. कोकणाचं राजकारण समजून घ्यायचं तर ते कोकणात कमी आणि कोकणातून ठाण्याला येणाऱ्या गाडीत जास्त सापडतं.

गावातलं राजकारण मी पहिल्यांदा ऐकलं ते 1977 च्या मार्चमध्ये. शाळेसमोरच्या मळ्यात सभा होती. काजूचे दिवस. बिया भाजून, फोडून आलेल्या बायकांची बोटं तेलानं काळी पडलेली आणि त्या बोटांनी त्या पदर सावरत पुढं बसलेल्या. पुरुष म्हणजे म्हातारे, मास्तर आणि आम्ही पोरं. बोलणारे होते मधु दंडवते, म्हणजे सगळ्यांचे नाना. माणूस मूळचा नगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेला, आणि बोलणंही वर्गात शिकवल्यासारखं. आवाज चढवायचा नाही, एक मुद्दा संपला की दुसरा. नऊ वर्षांच्या मला त्यातलं फारसं कळलं नाही. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला, एवढं मात्र बायकांना पक्कं ठाऊक होतं. घरी परतताना आजीनं तेवढंच विचारलं, ‘‘त्येच्या बायलेकव धरल्यानी?’’ तिचं मत तिथंच ठरलं.

आजीची मोजपट्टी वेगळीच होती. तिनं बॅरिस्टर नाथ पै ऐकले होते. वेंगुर्ल्याचा हा माणूस 1957 पासून सलग तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेला आणि 1971 च्या जानेवारीत, पन्नाशीही न गाठता, बेळगावला वारला. त्यानंतर जो कुणी बोलायला उभा राही त्याला आजी नाथ पैंच्या शेजारी उभं करून बघायची. नाना त्या परीक्षेत पास झाले. 1971 ते 1989 पाच वेळा निवडून आले. 1984 ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, तेव्हाही राजापूर त्यांच्याकडेच राहिलं. ही मतं कुणाची होती? गावात राहिलेल्यांची, म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांची, असं मी समजतो.

बाबांचं वेगळं. ते वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर होते आणि कोपरीत तिघांच्या खोलीत राहायचे. शिवसेना 1966 ला निघाली आणि पुढच्याच वर्षी ठाण्याच्या नगरपालिकेत तिची सत्ता आली. सेनेच्या हाती आलेली ही पहिली सत्ता. बाबांसारख्यांना ती आपली वाटली, कारण खोलीचं भाडं, नळाचं पाणी बघणारं आणि ‘हा मराठी माणूस आहे, याला ठेवा’ असं कारखान्याच्या गेटवर म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. 1980 ला सेना काँग्रेसच्या बाजूनं उभी राहिली, तेव्हा बाबांचं आंतरदेशीय पत्र आलं. वैरणीची चौकशी, बैलाची चौकशी आणि शेवटी, दुमडीच्या जागेवर तिरकं लिहिलेलं: या वेळी मत काँग्रेसला द्यावे. आईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘‘पैसे धाडतत ते धाडूं देत. मत खंय घालूचां तां माका सांगूक नको.’’ ते पत्र तिनं तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि मत नानांना दिलं.

एक गंमत अशी की 1977 ला नाना देशाचे रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात रुळाचा तुकडाही नव्हता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोम बसवायला लावला आणि त्यावर आख्खा देश झोपला. त्यांना निवडून देणारे मात्र रात्रभर एसटीच्या लाल डब्यात कशेडीच्या घाटात ओकत होते. याबद्दल गावात कुणी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. उलट अभिमानच होता. मोठा माणूस आहे, मोठी कामं करतो.

दहावी झाल्यावर 1986 ला मी कोपरीत आलो. ठाणे महानगरपालिकेची पहिली निवडणूक त्याच वर्षी झाली, सतीश प्रधान पहिले महापौर झाले. मला हे राजकारण ओळखताच येईना. इथं भाषण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते शिवाजी पार्कवर किंवा चौकात, वर्षातून काही वेळा. रोजचं राजकारण सेनेच्या शाखेत चालायचं. दहा बाय बाराची खोली, बाहेर खडूनं लिहिलेला फळा, आत पिवळी पडलेली ट्यूब आणि बाकावर बसलेली माणसं. कुणाचं रेशनकार्ड तुटलंय, कुणाच्या पोरीला अकरावीला प्रवेश हवाय, कुणाच्या नवऱ्यानं डोकं फोडलंय. शाखाप्रमुख चहाचा ग्लास हातात धरून एकेकाला विचारायचा, पत्र लिहून द्यायचा, नाहीतर सरळ पायांत चपला घालून बरोबर निघायचा. याहून मोठं काही असलं की टेंभी नाका. तिथं सेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघ्यांकडे रात्री उशिरापर्यंत रांग असे, आणि त्या रांगेत मालवणी बोली इतकी ऐकू यायची की कुडाळच्या बाजारात असल्यासारखं वाटे.

आमच्या गावच्या मास्तरांना हे सांगितलं की ते तोंड वाकडं करायचे. याला राजकारण म्हणत नाहीत, ही दुकानदारी. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. दंडवत्यांसारखा खासदार वीस वर्षं असूनही आमच्या वहाळावरचा साकव पावसात वाहून जायचा आणि आम्ही पोरं चार महिने शाळा बुडवायचो. विचारानं साकव बांधला नाही. इथं शाखेत गेलेल्या बाईचं काम बहुतेक वेळा व्हायचं, निदान तिच्याकडे बघून ‘बस’ असं कुणीतरी म्हणायचं. पण त्या मळ्यातल्या सभेत कुणी काही मागायला आलेलं नव्हतं. काजूच्या तेलाची बोटं घेऊन दोन तास नुसतं ऐकणं ही चीज मला कोपरीत पुन्हा दिसली नाही. आणि आईनं ते पत्र डब्याखाली सारलं तसं शाखेचं म्हणणं सारायची सोय इथं नव्हती. कुठल्या इमारतीतून किती मतं पडली याचा हिशेब दुसऱ्या दिवशी चौकात मांडला जायचा.

मग शाखाच गावाला गेली. गणपतीला, शिमग्याला जाणाऱ्या चाकरमान्यांनी ती एसटीच्या टपावर घालून नेली. नारायण राणे हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. कणकवली तालुक्यातलं गाव, चेंबूरचे शाखाप्रमुख, मुंबईचे नगरसेवक आणि 1990 ला मालवणचे आमदार. 1991 ला नाना हरले. पाच वर्षांनी राजापूरची जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली. 1999 ला राणे मुख्यमंत्री झाले तेव्हा बाबांनी आमच्या मजल्यावर पेढे वाटले. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये दंडवते गेले. त्याच महिन्यात सेनेबाहेर पडलेले राणे काँग्रेसकडून मालवणची पोटनिवडणूक लढले आणि सेनेच्या उमेदवाराची अनामत जप्त झाली. चौकात आठवडाभर चर्चा फक्त दुसऱ्या बातमीची होती.

तेव्हापासून दोन्ही गावांत राजकारणाचा फरक असा उरला नाही. एकनाथ शिंदे 2009 पासून कोपरी-पाचपाखाडीचे आमदार आहेत, त्यांचंही गाव इथलं नाही, साताऱ्याकडचं. जून 2022 ला सेना फुटली, त्यानंतर इथली प्रत्येक शाखा कुणाची यावरून वाद झाले, शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. नोव्हेंबर 2024 ला कोपरीत शिंदेंसमोर आनंद दिघ्यांचे पुतणे केदार दिघे उभे राहिले आणि कुडाळमध्ये नीलेश राणेंसमोर वैभव नाईक. इथं धनुष्यबाण विरुद्ध मशाल, तिथंही धनुष्यबाण विरुद्ध मशाल. दोन्हीकडे धनुष्यबाण आला. आमच्या घराच्या दोन याद्यांत तीच चिन्हं समोरासमोर होती. बाबा हे बघायला नव्हते. आई अजून गावच्या यादीत आहे, मतदानाला गेली होती, आणि कुणाला दिलं ते तिनं कुणालाच सांगितलेलं नाही.

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झाली. ती यावी म्हणून नाथ पै बोलले, दंडवते झटले. रेल्वे आली की कारखाने येतील, तरण्या पोरांना गाव सोडावं लागणार नाही, असं आमच्याकडच्या प्रत्येक सभेत सांगितलं जायचं. भावाचा मुलगा त्या रेल्वेनंतर जन्मलेला, आयटीआय झालेला. गेल्या वर्षी कोकणकन्येनं पहाटे ठाण्याला उतरला, पूर्वेच्या जिन्यानं कोपरीत आला, चहा घेतला. गावच्या गोष्टी दोन मिनिटांत संपल्या.

‘‘काका, शाखेत तुमच्या वळखीचा कोण आसा?’’

मी त्याला नंबर दिला.