सव्वादहाचे दहा

'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो,' असं घरात अंघोळीआधीच फोनवर सांगणाऱ्यांपैकी तुम्ही आहात का? मी होतो. पोस्टडॉकसाठी हायडेलबर्गला आलो, तेव्हा व्याख्यानाच्या सूचनेत वेळेपुढे 'सी.टी.' अशी अक्षरं दिसली. लॅटिनमध्ये 'कुम टेंपोरे'. म्हणजे दहा लिहिलं असलं तरी सुरुवात सव्वादहाला. म्हटलं, चला, आपलेच लोक!

त्याच भरवशावर एका सहकाऱ्याकडे सातच्या जेवणाला साडेसातला गेलो. आपल्याकडे ठरल्या वेळी टपकलं तर यजमानांचीच धांदल उडते ना! इथे मात्र सगळे टेबलाशी ताटकळत बसले होते. कुणी काही बोललं नाही. पण त्यांची धाकटी भुकेल्या पोटी पेंगत होती. ती पंधरा मिनिटं विद्यापीठापुरतीच, हे तेव्हा कळलं.

आता मी दहा मिनिटं आधीच पोचतो, कोपऱ्यावर घुटमळतो आणि ठोक्याला बेल दाबतो.

रविवारी आईला करायचा सहाचा फोन मात्र सातावर जातो. 'कामात होतास का रे?' एवढंच ती विचारते. हिवाळ्यात तेव्हा तिच्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात.