सुप्याचे पाणी आणि तात्यांची गरी

इतिहासाच्या पुस्तकांनी ‘पुणे-सुपे’ ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसवून ठेवली आहे की, ‘मी सुप्याला जाऊन आलो’ असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शहाजीराजांची जहागीर उभी राहते. ते सुपे बारामती तालुक्यातले. मी म्हणतो ते सुपा पारनेर तालुक्यातले, पुणे-नगर रस्त्यावरचे. नगरला आता अहिल्यानगर म्हणायचे. पण जिभेचे वळण बदलायला थोडा अवधी द्यावा लागतो. या सुप्याकडे इतिहासाने फारसे पाहिले नाही आणि पावसानेही नाही. सह्याद्री ओलांडता ओलांडता ढगांच्या पखाली रित्या होतात, आणि तळाशी उरलेले शिंतोडे या पठाराच्या वाट्याला येतात.

पुण्याहून निघाले की शिरूरला घोड नदी ओलांडायची, राळेगणसिद्धीचा फाटा मागे टाकायचा, आणि डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची पांढरी पाती फिरताना दिसू लागली की सुपा आले असे समजावे. रस्त्याच्या कडेला औद्योगिक वसाहत, मालमोटारींच्या रांगा, चहाच्या टपऱ्या आणि मधूनच कांद्याची वाफे पाडलेली शेते. अशा गावी माणसाने नोकरीला जावे, कांदा आणायला जावे; पण मासे धरायला जातो असे सांगितले तर घरची मंडळी काळजीने तोंडाकडे पाहू लागतील. तरीही गेली तीन वर्षे दिवाळीच्या सुटीत माझे पाय सुप्याकडे वळतात ते माशांपायी. आणि त्याला कारण आमचे तात्या.

तात्या म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. मूळचे मालवणचे. मेहुणे सुप्याच्या एका कारखान्यात आहेत. आई गेल्यावर वडिलांना त्या मोठ्या घरात एकटे कसे ठेवायचे, म्हणून त्यांनी तात्यांना येथे आणले. सत्तर वर्षे ज्याच्या कानांत समुद्राची गाज होती, त्या माणसाला या माळावर आणून बसवले म्हणजे काय होते ते मी पहिल्या वर्षी पाहिले. तात्या गॅलरीत बसत, पवनचक्क्यांकडे पाहत आणि गप्प राहत. मी जवळ जाऊन बसलो तर एवढेच म्हणाले, “मास्तरांनू, वारो आसा हय; पण तेका वास नाय.”

जेवण कमी झाले होते, झोप कमी झाली होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक पडत नव्हता. बहीण मला हळूच म्हणाली, “दादा, यांना परत मालवणला पाठवलं तर तिथं करणारं कोणी नाही, आणि इथं ठेवलं तर हे असे.” मला उपाय सुचला नाही, पण पलंगाखाली जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेले लांबलचक काहीतरी मात्र दिसले. ते तात्यांचे गरवण्याचे सामान होते.

देशावर आपण ज्याला गळ म्हणतो त्याला कोकणात गरी म्हणतात आणि गळाने मासे धरणे म्हणजे गरवणे. देशावरच्या माणसाने मात्र हा गळ पाण्यापेक्षा बोलण्यातच अधिक वापरला. आपण एकमेकांना गळ घालतो, कुणीतरी कुणाच्या गळाला लागते, निवडणुकीत आमिषे दाखवली जातात. मराठीचा अध्यापक म्हणून हे शब्द मी वीस वर्षे वर्गात उच्चारीत आलो. खरा गळ पाहिला तो सुप्यात, मालवणहून आलेला.

ते सामान दर्याच्या मापाचे होते. अकरा फुटांची काठी, नारळाच्या बेल्याएवढे रीळ, तीस पौंडांचा भार सोसणारा तंगूस, शिशाची जड वजने आणि बोटभर लांबीचे गळ. तात्यांनी एकेक वस्तू हातात देऊन तिचे कारण सांगितले. काठी लांब का? तर पुळणीवर उभे राहून लाटा फुटतात त्यांच्या पलीकडे आमिष फेकायचे असते. वजन जड का? तर पाण्याची ओढ ते जागेवर राहू देत नाही. सुरमईसाठी गळाच्या वर वीतभर तार का? तर तिचे दात कात्रीसारखे. तंगूस असला तर एका चाव्यात मोकळी. रावस, तांबोसा, खाडीतला जिताडा, प्रत्येकाची ताकद निराळी. आणि खारे पाणी हे लोखंडाचे वैरी. म्हणून घरी आल्यावर आधी रीळ आणि काठीच्या कड्या गोड्या पाण्याने धुवायच्या, मग आपले पाय.

समुद्रावर सामानाइतकेच महत्त्व वेळेला. त्यासाठी तात्यांना छापील कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याचा तास मिळतो; चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. कोकणातल्या म्हाताऱ्यांचा हा हिशोब घटकाभर इकडेतिकडे होतो, पण फसवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मेहुणे तात्यांना घेऊन सुप्याशेजारच्या हंगा गावच्या तलावावर गेलो. हंगा हेच नदीचेही नाव. तिचेच पाणी पुढे श्रीगोंदे तालुक्यात विसापूरच्या तलावात अडवलेले आहे. पाऊस नुकताच सरला होता, तलाव काठोकाठ होता. असल्या तलावांतील मासेमारी बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. पाण्यात पोहणारा मासा रानातल्या पाखरासारखा बेवारशी नसतो. कुणीतरी पैसे घालून बोटुकली सोडलेली असतात. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी विचारणे हा पहिला नियम. आम्ही काठावर जाळे सावरीत बसलेल्या भोईमामांना विचारले. त्यांनी तात्यांच्या काठीकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, “धरा की. पर बाबा, ह्या काठीनं मासा धरायचा का तळं हलवायचं?”

तात्या हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले, असे बहिणीने नंतर सांगितले.

भोईमामांचे म्हणणे खरेच होते. तळ्यात फेकायला लाटा नाहीत, ओढून नेणारा प्रवाह नाही. जाड तंगूस निवळ पाण्यात दोरखंडासारखा दिसतो आणि रोहू त्याला शिवत नाही. मोठा गळ तर त्याच्या तोंडात मावतच नाही. दुपारपर्यंत तात्यांच्या गळाला काही लागले नाही, आणि भोईमामांच्या पोराने बांबूच्या कांबीला बारीक गळ बांधून, गांडूळ लावून डझनभर चिलापी काढल्या.

मग मामांनी जो धडा दिला तो मला वर्गात देता आला तर मी स्वतःला धन्य समजेन. त्यांनी पाटीतला एक कटला आणि एक मृगळ उचलला आणि दोघांची तोंडे दाखवली. कटल्याचे तोंड वर वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली. तो तळाचा गाळ चाळतो. रोहू दोघांच्या मधला, त्याच्या ओठांना झालर. म्हणजे कटल्यासाठी तरंगा लावून आमिष वर ठेवायचे, मृगळासाठी तळाला टेकवायचे, आणि रोहूला मधे झुलवायचे. तिघांनाही शेंगदाण्याची पेंड आणि कणीक यांचा गोळा आवडतो. चिलापीचे तोंड लहान, तिला बारीक गळ आणि गांडूळ. वाम रात्रीची, चिखलातली. मरळ काठच्या गवतात दबा धरून बसते. तिला हालणारे भक्ष्य हवे, तेव्हा रबरी बेडूक गवताच्या कडेने ओढीत आणावा. “दुकानदाराचं तोंड बघून सामान घेऊ नगा,” मामा म्हणाले, “माशाचं तोंड बघून घ्या.”

हे मासेही सगळे येथले नव्हेत. रोहू, कटला, मृगळ हे उत्तरेकडच्या नद्यांचे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात संप्रेरकाची सुई टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली, आणि मग त्यांचे बीज गावोगावच्या तळ्यांत पोहोचू लागले. चिलापी तर परदेशची पाहुणी, १९५२ साली आपल्याकडे आणलेली. पाहुणीने घरच बळकावले, ही गोष्ट निराळी. अस्सल देशीचे नातलग पाहायचे तर साइक्ससाहेबाकडे जावे. मुंबई सरकारच्या नोकरीतील या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले, आणि लॅटिन नावे देताना येथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्दच उचलले. मळ्या, कोळस, खुद्री हे आपले शब्द आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत लॅटिन वेष घालून बसले आहेत. सुप्याला येताना आपण शिरूरला जी घोड नदी ओलांडतो, तिच्यातल्या माशाचीही नोंद त्यांत आहे.

असो. त्या संध्याकाळी तात्यांनी मेहुण्यांना पुण्याहून आणायच्या सामानाची यादी लिहून दिली. ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल त्या वाचकांसाठी ती थोडक्यात देतो. तळ्यासाठी सात फुटांची लवचीक काठी. फायबरची स्वस्त आणि सोशिक, कार्बनची हलकी पण नाजूक. मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ. आठ ते बारा पौंडांचा साधा नायलॉन तंगूस. तो थोडा ताणला जातो आणि माशाचा हिसका सोसतो. विणलेली दोरी ताणत नाही. तिला काठी तुटते किंवा माशाचे तोंड फाटते. गळाच्या नंबरांचा हिशोब उलटा असतो: आठ नंबरचा गळ चार नंबरच्या गळापेक्षा लहान. रोहूला सहा ते आठ, चिलापीला दहा-बारा. समुद्रावर एकच्या पुढे शून्य लावलेले नंबर चालतात आणि तेथे हिशोब पुन्हा सुलट होतो. रिळाचा दाब तंगुसाच्या ताकदीच्या चौथाई ते तिजाई ठेवावा. म्हणजे बारा पौंडांचा तंगूस तीन-चार पौंडांच्या ओढीला सुटू लागला पाहिजे. ओढणाऱ्याला थोडे सोडावे लागते. हे संसारात कळायला जास्त वर्षे लागतात. आणि गाठ: तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवून स्वतःभोवती पाच वेढे द्यावेत, टोक नेढ्याजवळच्या फटीतून परत काढावे आणि थुंकी लावून आवळावे. कोरडी आवळलेली गाठ मोक्याच्या वेळी दगा देते.

मुंबईकरांना या शिक्षणासाठी सुप्यापर्यंत यायलाही नको. पवईच्या तलावावर गळवाल्यांची संघटना १९३६ पासून आहे; आज ती महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या नावाने ओळखली जाते.

पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. तात्या पहाटेच तळ्यावर. भोईमामांचा पोरगा त्यांच्याकडून कोकणी गाठी शिकत होता आणि तात्या त्याच्याकडून पेंडीचा गोळा मळायला शिकले होते. त्या दिवशी गवताच्या कडेला पाण्यावर तांबूस पिलांचा एक थवा उकळल्यासारखा हालत होता. मरळीची पिले. त्यांच्या खाली आईबाप राखणीला असतात आणि त्या वेळी समोर येईल त्यावर झडप घालतात. धरायला याहून सोपा मासा नाही. मेहुण्यांनी उत्साहाने रबरी बेडूक बांधला. तात्यांनी त्यांचा हात धरला. “ह्या नको. आवस-बापूस गेले तर पोरांक कोण?” एवढे बोलून ते गवतापासून दूर जाऊन बसले. मेहुण्यांनी काही न बोलता बेडूक पेटीत ठेवला.

यंदा मी त्यांना विचारले, समुद्राची आठवण येते का? तात्या पाण्याकडे पाहत म्हणाले, “भरती हयसर पण आसा, मास्तरांनू. वर्षाक एकदाच येता.” शेजारी भोईमामा होते. ते म्हणाले, “आन् एखाद्या साली येतच न्हाई. बाहत्तर साली आलीच न्हवती, आमचा बा सांगायचा.” यावर तिघेही काही वेळ गप्प होतो. मालवणच्या माणसाला भरतीची वेळ ठाऊक असते. सुप्याच्या माणसाला तिची वाट पाहणे ठाऊक असते. मार्गशीर्षापासून तळे उतरू लागेल, वैशाखात काठाची भेगाळलेली जमीन उघडी पडेल, मासे उरल्या डबक्यात दाटीने गोळा होतील. त्या दिवसांत तात्या काठी घेऊन तळ्याकडे फिरकत नाहीत. अडचणीत सापडलेल्याला काय गरवायचे, असे त्यांचे म्हणणे.

मेहुण्यांनी मध्यंतरी मालवणला जाण्याचे तिकीट काढून दिले होते. चार दिवस घर उघडून येऊ, म्हणून. तात्यांनी ते परत करायला लावले. मृगाचे ढग माथ्यावर आले होते आणि हंग्याचे पाणी किती चढते ते पाहिल्याशिवाय त्यांना हलायचे नव्हते. अकरा फुटांची काठी अजून पलंगाखाली आहे. दर महिन्याला ती बाहेर निघते, तेलाचे बोट लागते आणि पुन्हा धोतरात जाते. तळ्यावर जाताना मात्र तात्या सात फुटांचीच काठी खांद्यावर टाकतात.