दोन तासांचे उड्डाण, सात तासांचा प्रवास

कोपरगाव तालुक्यातील काकडी हे गाव पूर्वी पंचक्रोशीबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढे हैदराबाद, बंगळूरू, चेन्नई ही दूरची शहरे या माळरानाशी जोडली गेली.

विमानतळ उभा राहिला तो मुख्यतः साईभक्तांसाठी. परंतु जिल्ह्यातील व्यापारी घरांना तो वेगळ्या कारणाने जवळचा वाटतो. अहिल्यानगर, राहुरी, श्रीरामपूर येथील अनेक घरांच्या लेकी दक्षिणेत नांदतात. माहेरचा निरोप आला, की पहिला प्रश्न असतो : पोहोचायला किती वेळ लागेल?

शिर्डी ते चेन्नई हे हवाई अंतर सुमारे ९७० किलोमीटर आहे आणि उड्डाणास पावणेदोन ते दोन तास लागतात. हा हिशोब मात्र अपुरा आहे. अहिल्यानगरहून राहुरी, कोल्हारमार्गे काकडीस पोहोचण्यास सुमारे दोन तास हवेत. विमानतळावर दीड तास आधी जावे लागते. उतरल्यावर सामान आणि शहरातील गर्दी यांत आणखी तास-दीड तास जातो. म्हणजे उंबरठा ते उंबरठा सात तास धरावेत. त्यातही एखाद्या मार्गावर दिवसाकाठी मोजकीच विमाने असतात. २०१९ च्या नोव्हेंबरात कमी दृश्यमानतेमुळे येथील उड्डाणे अनेक दिवस रद्द झाली होती. म्हणून निकडीच्या वेळी पुण्याचा लोहगाव विमानतळही पाहावा. अहिल्यानगरहून तो थोडा लांब पडतो. परंतु तेथून विमाने अधिक सुटतात.

चौविहार पाळणाऱ्यांनी तिकीट काढताना सूर्यास्ताची वेळही पाहावी. सायंकाळचे विमान तासभर जरी उशिरा सुटले, तरी ज्येष्ठांना उपाशीच राहावे लागते. जेवणाचा डबा आणि उकळलेले पाणी वेळेत घेतलेले बरे. 

याच जिल्ह्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी महाराज गावोगाव पायी विहार करीत राहिले. दिवसाला १५ किलोमीटर या गतीने काकडी ते चेन्नई हे अंतर चालावयाचे, तर सरळ रेषेतही दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. पायी जाणारा वाटेतल्या प्रत्येक गावी थांबतो, तेथील माणसांची विचारपूस करतो. विमानाने जाणाऱ्यास ती संधी नाही. त्याला भेटतात ती केवळ मुक्कामाची माणसे.

म्हणूनच परतीचे तिकीट काढताना घाई करू नये. सात तासांचा प्रवास करून आलेली लेक दुसऱ्याच सकाळी निघाली, तर आजारी वडिलांच्या वाट्यास काय येते? रेल्वेच्या प्रवासात जाणारी एक रात्र विमानाने वाचते. ती रात्र वडिलांच्या उशाशी बसण्यात जावी, यातच त्या तिकिटाचे सार्थक आहे.