आईचा उजवा डोळा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्ये आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे साताऱ्यालाच मुक्काम होता. "मोतीबिंदू ना?" असं सगळ्यांनी विचारलं. नाही हो, मोतीबिंदू अजून बाकीच आहे. त्याचीच ही गोष्ट.

बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, आईच्या उजव्या डोळ्याला सतत पाणी यायचं. लग्न असो, बारसं असो, पदराचं टोक डोळ्याशी. आत्या म्हणायची, "वहिनी अजून सावरल्या नाहीत." मामी जवळ बसून पाठीवरून हात फिरवायची. मीही फोनवर जपूनच बोलायचे. माणूस एकाच डोळ्याने रडत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही!

मोतीबिंदूसाठी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने हलकेच दाबला. डोळ्यात पू आला. मग खालच्या पापणीच्या कडेच्या बारीक छिद्रातून सिरिंजने मिठाचं पाणी सोडलं. ते घशात उतरायला हवं होतं. ते वरच्या पापणीच्या छिद्रातून परत बाहेर आलं. "आजी, लासरू झालंय. आधी हे, मग मोतीबिंदू." तिथे जंतू असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर ते डोळ्याच्या आत शिरायची भीती असते म्हणे.

त्यांनी कागदावर चित्रच काढून दाखवलं. डोळ्यातलं पाणी त्या दोन छिद्रांतून एका इवल्याशा पिशवीत जातं आणि तिथून नळीने नाकात. (रडताना नाक का वाहतं, ते मला या वयात कळलं!) उतारवयात, आणि बायकांमध्ये जास्त, ही नळी बुजते. पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत तो कोपरा लालबुंद होऊन सुजला, हात लावू देईना. अँटिबायोटिक्स, गरम पाण्याचा शेक. सूज उतरल्यावर मग ऑपरेशन. नाकाच्या बाजूच्या हाडात छोटी खिडकी करायची आणि पिशवी थेट नाकात उघडायची. इटलीतल्या तोती नावाच्या डॉक्टरांनी १९०४ मध्ये सांगितलेली ही युक्ती आजही चालते.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी गॉजवर काहीतरी दाखवलं. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, पिवळट तपकिरी खडा. मुतखड्यासारखा टणक नाही. पिशवीतला चिकट स्राव आणि मेलेल्या पेशी साचून झालेला, चिमटीत भुगा होईल असा.

घरी आल्यावर मी आईवर जरा चिडलेच. "तीन वर्षं आम्ही समजतोय तू रडतेस. सांगायचं नाहीस का?"

आई टाके सांभाळत बेतानेच हसली. "पहिले काही महिने रडतच होते गं. मग कधी थांबलं आणि नुसतं पाणी कधी उरलं, ते माझं मलाच कळलं नाही. पण तुम्ही सगळे मायेने जवळ बसायचात. मग कशाला सांगू, रडत नाहीये म्हणून?"

यावर मला काही बोलताच आलं नाही. उठून चहा टाकला.

आता डोळा छान कोरडा आहे. पुढच्या महिन्यात मोतीबिंदू. आत्या, मामी, तुम्ही हे वाचत असणारच, म्हणून लिहिते. पुढच्या कार्यात आईचा पदर डोळ्याशी दिसणार नाही. तरी तिच्याजवळ बसा. पाठीवरून हातही फिरवा. मीही यापुढे फोन जरा लांबवणार आहे.